आमच्या घराण्यात दमा नाही

दिवाळीच्या अंकात रोगाचे पुराण घेऊन बसणाऱ्या माणसाला वाचक सहजासहजी क्षमा करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक अशा थाटात जो गृहस्थ बसला आहे, त्याला विनोद हवा, प्रवासवर्णन हवे, फार तर डोळे ओलावणारी एखादी कथा हवी. परंतु गेल्या दिवाळीत, ऐन फराळाच्या वेळी, माझ्या हाती एक कागद पडला. आणि त्या कागदावरच्या एका ओळीशी माझे जे भांडण जुंपले ते वर्ष झाले तरी मिटलेले नाही. ते चारचौघांत मांडायला याहून योग्य वेळ मला दिसत नाही. वर्षभर चार गावी पांगलेली माणसे याच दिवसांत एका घरात, एका पंगतीला असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते अशा घरांनाच सांगायचे आहे.

कागद माझ्या भाच्याचा, संतोषचा. वय एकेचाळीस. सोलापुरात सूत रंगविण्याचा एक कारखाना आहे, तिथे तो सोळा वर्षे काम करतो. तीन वर्षांपासून त्याला रात्री खोकल्याची उबळ येते, धाप लागते, छातीतून शिटी वाजते. डॉक्टरांनी कागदावर ‘दमा’ असे लिहिले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याखाली त्यांनी लिहिले होते, ‘घराण्यात : आईच्या वडिलांना दमा.’

आईचे वडील म्हणजे माझे वडील. संतोषने डॉक्टरांना भोळेपणाने सांगितले होते, “आजोबांना पण असंच व्हायचं म्हणे.” झाले! डॉक्टरांचे काम संपले. आजोबांचा दमा नातवाला आला. धंदा काय, कारखान्यात नेमके काय हाताळतोस, त्रास कोणत्या दिवशी वाढतो, यांतला एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता. मी तो कागद दोनदा वाचला आणि बहिणीला म्हटले, “हे खोटे आहे. आपल्या घराण्यात दमा नाही.”

ती म्हणाली, “अरे दादा, बाबांची धाप मी ऐकलेली आहे. तू काय बोलतोस?”

धाप मीही ऐकलेली आहे. म्हणूनच बोलतो.

आमचे वडील साताऱ्याकडून मुंबईला आले आणि १९४३ साली लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात लागले. कार्डिंग म्हणजे काय हे आता गिरणगावातल्या नातवंडांनाही सांगावे लागते. गाठी फोडून, झोडपून आलेला कापूस तारांच्या बारीक दातांवर विंचरतात. विंचरताना त्यातला काडीकचरा, बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा हवेत उडतो. खात्याच्या या टोकाहून त्या टोकाचा माणूस धुक्यातल्यासारखा दिसे, असे वडील सांगत. पाळी सुटल्यावर ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. आम्हा पोरांना त्याची फार गंमत वाटे. आम्ही त्यांना ‘म्हातारबाबा’ म्हणून हाक मारीत असू आणि तेही कंबर वाकवून, काठी टेकल्याचे सोंग करून खोलीत शिरत. पुढे ते सोंग करण्याची गरज उरली नाही.

वडील माळकरी होते. रविवारी संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर भजन होई, आणि त्यात वरची पट्टी लागायची ती त्यांचीच. रविवारी ज्याचा आवाज समोरच्या चाळीत ऐकू जाई तोच माणूस सोमवारी रात्री भिंतीला पाठ लावून, छातीवर धोंडा ठेवल्यासारखा बसलेला असे. मंगळवारी पुन्हा बरा. आई म्हणायची, “यांना सोमवार लागतो.” एखाद्याला दृष्ट लागते तसा यांना सोमवार लागतो, अशी आमची समजूत. रविवारी रात्री फार वेळ गायले म्हणून देव सोमवारी ओरडा देतो, असेही मी बालपणी मानीत होतो.

वाचकहो, या सोमवारात सारे गुपित आहे. गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १० जून १८९० पासून. त्या सुटीने कामगाराला विसावा दिला, हे सर्वांना माहीत आहे. तिने आणखी एक गोष्ट केली, जी खुद्द लोखंड्यांच्याही ध्यानीमनी नसेल. तिने धुळीविरुद्ध एक साक्षीदार उभा केला. कापसाच्या धुळीत, विशेषतः त्या चुऱ्यावर वाढणाऱ्या जंतूंच्या विषात, असा काही गुण आहे की रोज ती नाकात गेली तर छाती तिला काही काळ निमूट सोसते. एक दिवस विसावा मिळाला की ती सवय मोडते, आणि विसाव्यानंतरच्या पहिल्याच दिवशी श्वासनळ्या आवळतात. वर्षे लोटली की सोमवारचा त्रास मंगळवारी येतो, मग बुधवारी, आणि अखेर आठवड्याचे सारे वार सोमवार होतात. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. विलायतेत १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्या याच हिशेबाने : छाती फक्त सोमवारी आवळते की इतर दिवशीही? म्हणजे आमच्या अडाणी आईने जे निदान चुलीपुढे केले होते, तेच लँकेशायरच्या गिरण्यांतून हिंडून विद्वानांनी केले. अंगात मुरलेल्या दम्याला वार कळत नाही. ज्या धापेला पंचांग कळते, ती कामावरूनच आलेली असते.

मग आमच्या वडिलांना हे कोणी सांगितले काय? सांगितले ते असे. एका मोठ्या रुग्णालयात ते पाच तास रांगेत बसले. तरुण डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कागदावर लिहिले, ‘बिडी बंद करावी.’ गळ्यातली तुळशीची माळ त्या नळीखाली दबली होती, ती त्यांना दिसली नाही. आयुष्यात ज्याने बिडीला हात लावला नाही त्याला बिडी सोडण्याचा सल्ला देऊन आरोग्यशास्त्र मोकळे झाले! वडील घरी येऊन हसले. म्हणाले, “आता सोडायची तर आधी धरावी लागेल.”

खात्यातला मुकादम दुसरा वैद्य. तो म्हणे, गूळ खा. गुळाने कापूस पोटात उतरतो. आई दर सोमवारी डब्यात गुळाचा खडा घालीत असे. या गुळाची महती आजही धुळीच्या प्रत्येक धंद्यात गायली जाते. लखनौच्या एका प्रयोगशाळेने तर उंदरांना धूळ आणि गूळ देऊन पाहिले, आणि गुळाने फुप्फुसातले कण हलण्यास मदत होते असा निष्कर्ष १९९४ साली छापला. उंदरांचे अभिनंदन. पण मी विचारतो, ज्याने हवा खेचणारा पंखा बसवावयाचा त्याने गुळाची ढेप का आणावी? पंख्याला पैसे पडतात आणि गूळ बायको घरून देते, याखेरीज मला तरी उत्तर सापडलेले नाही.

वडील १९७१ साली घरी बसले आणि १९७६ साली गेले. विलायतेत कापसाच्या धुळीने निकामी झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची योजना १९४१ साली निघाली होती. तीही मोठी कंजूष. वीस वर्षे त्या खात्यात काढलेल्या आणि पूर्ण निकामी झालेल्या पुरुषांपुरतीच. पण निदान तिने हे कबूल केले की हा रोग माणसाने घरून आणलेला नाही. आमच्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षे कार्डिंगमध्ये काढली आणि कागदावर त्यांच्या नावापुढे काय राहिले, तर बिडी.

आता तोच कागद नातवाच्या हातात आला होता. फरक एवढाच की आजोबांना बिडी चिकटविली आणि नातवाला आजोबा चिकटविले!

संतोषचे काम काय आहे ते सांगतो, कारण त्यात आपणा सर्वांचा हात आहे. कपड्याच्या दुकानात आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? “रंग जाणार नाही ना?” दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, “पक्का आहे.” तो पक्केपणा येतो कुठून? सुती कापडासाठी आज जे रंग सर्रास वापरतात त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. १९५६ साली ते प्रथम विलायतेत बाजारात आले. आधीचे पुष्कळसे रंग धाग्यावर नुसते बसत. हे रंग धाग्याशी रासायनिक गाठ बांधतात. म्हणून ते धुण्याने जात नाहीत. परंतु गाठ बांधण्याचा ज्याचा स्वभाव, तो फक्त कापसाच्या धाग्याशीच बांधील असा करार कोणी केलेला आहे? त्या रंगाची कोरडी भुकटी श्वासाबरोबर आत गेली की ती शरीरातल्या प्रथिनांशीही तशीच गाठ बांधते. काही माणसांचे शरीर त्या गाठीला शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध शस्त्रे परजून ठेवते. हे व्हायला कधी महिने लागतात, कधी वर्षे. एकदा झाले की मग चिमूटभर भुकटीही पुरते. आपल्या सदऱ्याचा रंग ज्या गुणाने टिकतो, त्याच गुणाने संतोषची छाती भरते.

त्याचे काम म्हणजे भुकटी तोलण्याचे. पिंपाचे झाकण काढायचे, भांड्याने भुकटी उपसायची, काट्यावर घालायची, कमी-जास्त करायची, बादलीत ओतायची. दिवसातून कितीतरी वेळा. खोली लहान, खिडकी बंद; कारण वाऱ्याने रंग उडाला तर नुकसान मालकाचे. तोंडाला रुमाल. घरी येऊन नाक शिंकरले की रुमालावर कधी मोरपंखी, कधी गुलाबी. माझी भाचेसून सांगते, “मामा, उशीचा अभ्रा बघून मी सांगते, आज कारखान्यात कोणता रंग होता.” ती हसत सांगते. मला हसू आले नाही. मला पांढऱ्या भुवया आठवल्या.

इथे एक फसवणूक आहे, ती ध्यानात घ्या. वडिलांची छाती पाळी संपेपर्यंत आवळे, म्हणून निदान सोमवार तरी पकडता आला. रंगाच्या भुकटीचा दमा पुष्कळदा लबाड असतो. भुकटी नाकात गेल्यावर तो चार ते आठ तासांनी उठतो. दिवसा माणूस कामावर धडधाकट, आणि धाप लागते ती घरी, अंथरुणावर. मग दोष कोणाला? घराला! भिंतीच्या ओलीला, गादीच्या कापसाला, उदबत्तीला, शेजारणीच्या फोडणीला. संतोषच्या घरची मांजर याच आरोपावरून हद्दपार झाली. बिचारीचा काय अपराध?

गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे डोंबिवलीला अकरा दिवस राहिला. डोंबिवलीची हवा काही महाबळेश्वरची नव्हे. त्यातून दिवाळीचा धूर. तरी चौथ्या दिवसापासून तो रात्रभर झोपू लागला. म्हणाला, “मामा, सुट्टीत मला काहीच होत नाही बघा.” हे वाक्य तो तीन वर्षे बोलत होता आणि तीन वर्षे कोणी ते लिहून घेतले नव्हते.

मी मास्तर. लिहून घेणे हा माझा धंदा. श्वास जोराने सोडला की काटा सरकतो अशी एक नळी मिळते; तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. मार्टिन राइट यांनी तिचा पहिला नमुना १९५९ साली जगापुढे ठेवला. आता ती काही शे रुपयांत औषधाच्या दुकानात मिळते. मी ती आणली, शंभर पानी वही आणली आणि संतोषला बजावले : दिवसातून निदान चार वेळा फुंकायचे, दर वेळी तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा, शेजारी लिहायचे कामाचा दिवस की सुटीचा, औषध मात्र होते तसेच चालू ठेवायचे. सुटी संपता संपता त्याचा आकडा ४६० वर स्थिर झाला होता. सोलापूरला परतल्यावर तिसऱ्या रात्री तो ३१० झाला. पुढच्या रविवारी थोडा चढला. सोमवारपासून पुन्हा घसरगुंडी. सहा आठवड्यांची ती वही घेऊन मी स्वतः सोलापूरला गेलो आणि डॉक्टरांपुढे ठेवली. माणूस वाईट नाही. त्यांनी वही उलटसुलट पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, “मास्तर, हे आधी का नाही आणलं?”

मी म्हणालो, “आपण मागितलं नाही.”

इटलीत मोडेना येथे रामाझ्झिनी म्हणून एक वैद्य होता. त्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले की, रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला : तुझा धंदा कोणता? पिठाच्या धुळीने खोकणारे भटारीही त्याने पाहिले होते. सव्वातीनशे वर्षे झाली. प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तरी तो आमच्याकडे रुग्णाच्या कागदावर चढत नाही, याला मी अज्ञान म्हणायला तयार नाही. विचारला तर उत्तर लिहावे लागेल. उत्तर लिहिले तर कोणाला तरी काही तरी द्यावे लागेल. आनुवंशिकतेचे बरे असते. ती कोणाकडे पैसे मागत नाही. आजोबांवर दावा लावता येत नाही.

मालकांच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकून घेऊ. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, त्याच खोलीत पूर्वी दोघे होते, त्यांना काही झाले नाही; म्हणजे दोष याच्या प्रकृतीत. मी मान्य करतो की प्रत्येकाला हा दमा होत नाही. प्रकृतीचा वाटा असतो, क्वचित घराण्याचाही असेल. पण पुलाचा कठडा मोडला आणि दहांपैकी एकच खाली पडला, तर पडणाऱ्याचे पाय वाकडे म्हणून कठडा तसाच ठेवायचा काय? मग ते म्हणाले, आम्ही मास्क देतो. दाखवा म्हटले. कपाटातून जो निघाला तो पातळ कापडाचा. त्यातून बारीक भुकटी अशी जाते जशी चाळणीतून मैदा. आणि ज्याचे शरीर एकदा बिथरले त्याला उत्तम मास्कही पुरा पडेल याची खात्री नसते. त्याला त्या भुकटीपासून दूर न्यावे लागते, आणि ते जितके लवकर तितकी छाती सुधारण्याची आशा अधिक. तीन वर्षे आजोबांवर दवडली, त्यांची किंमत इथे आहे.

शेवटी ते म्हणाले, असे नियम पाळायला लागलो तर धंदा बसेल. हा युक्तिवाद मी बालपणापासून ऐकत आलो आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमाने सांगून ठेवले होते की, धूळ कामगाराच्या श्वासात जाऊ देऊ नये. ती खेचून घेणारे साधन लागले तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे, आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा. उगमाजवळ! कामगाराच्या नाकाजवळ नव्हे. म्हणजे काट्याभोवती बंदिस्त खण आणि मागून हवा ओढणारा पंखा. त्याहून सोपे म्हणजे कोरड्या भुकटीऐवजी दाणेदार किंवा ओला रंग विकत घेणे. तो उडत नाही. हे काही चंद्रावरचे शोध नाहीत, बाजारात मिळतात. माझे वडील गिरणीत होते त्याच दशकात हे कलम छापले गेले. त्याच कायद्याच्या रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीच्या रोगाला नाव मिळाले, कातडीच्या दाहालाही मिळाले. रंगाच्या भुकटीने येणारा दमा मात्र तिथे नावानिशी नव्हता. नाव नसलेल्या रोगाची वर्दी कोण देणार?

जाता जाता एक सांगतो. चकलीची भाजणी आपण ज्या गिरणीतून दळून आणली, तिथला माणूस दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पहाटेपासून पिठाच्या ढगात उभा असतो. त्याच्या पापण्या बघा. पीठ अन्न आहे, म्हणून ते छातीतही अन्नच राहते असे नाही. त्याला खोकताना पाहून “वय झालं हो तुमचं” असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. यंदा मी त्याला विचारले, “चार दिवस गावी गेलात की खोकला कसा असतो?” पिठाचा हात पुसत तो थबकला. “नसतो,” म्हणाला.

आपल्याही घरी दिवाळीला कोणी आले असेल. गाड्या रंगविणाऱ्या शेडमधला पुतण्या, सूतगिरणीतला जावई, बेकरीतला भाऊ. तो चार दिवसांत नीट झोपू लागला, तर घरच्या जेवणाची तारीफ करून थांबू नका. त्याला परतल्यावर काय होते ते विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.

संतोषच्या कागदावरची ओळ डॉक्टरांनी खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, ‘कामावरील रंगाच्या भुकटीमुळे असण्याचा दाट संभव.’ त्या ओळीच्या जोरावर त्याला गोदामात हलविले आहे. पगार कमी झाला. माझी बहीण त्यावरून माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती, आणि तिचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. धाप पुष्कळ कमी आहे, गेलेली नाही. भरपाईचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो आहे. खोडायची राहिलेली ती पहिली ओळ खोडली जावी म्हणून मी आणखी दोन पत्रे धाडली आहेत.

तोलण्याच्या खोलीत आता दुसरा मुलगा उभा राहतो. चोवीस वर्षांचा आहे, नुकतेच लग्न झाले आहे. पंखा अजून आलेला नाही. संतोषने त्याला सगळे समजावून सांगितले, तर तो म्हणाला, “मला नाही होत काही, आमच्यात कुणाला दमा नाही.” मी त्याच्यासाठी एक नळी आणि एक वही घेऊन ठेवली आहे. भाऊबीजेला बहिणीकडे जाईन तेव्हा बरोबर नेईन.